आठ फुटी भिंत आणि १४ मिनिटं : एका चिखलशर्यतीचं प्रकरण

जुलैमधला रविवार. खारघरच्या पुढे, तळोज्याच्या अंगाला भाड्याने घेतलेला एक माळ. पाच किलोमीटरची चिखलशर्यत, १५ अडथळे आणि सहा जणांचा आमचा संघ. नवव्या अडथळ्याशी, म्हणजे आठ फूट उंच लाकडी भिंतीशी, आम्ही ४७व्या मिनिटाला पोचलो आणि ६१व्या मिनिटाला तिथून हललो. बाकीची शर्यत बरी झाली. ही १४ मिनिटं मात्र आमच्यात अजून चघळली जातात, म्हणून एकदा नीट लिहून ठेवतो आहे.

कोण होतो

ठाण्यातल्या वर्तकनगरच्या एका जुन्या सोसायटीतले आम्ही सगळे. नावं देत नाही, सोसायटीत जी हाक मारतात तीच इथे वापरतो. कॅप्टन, वय ३१, महापेला आयटीत नोकरी, ठाण्याच्या वर्षा मॅरेथॉनमध्ये दोनदा धावलेला. धाकटा, वय २०, इंजिनिअरिंगला, वजन ५८ किलो. ताई, वय ३८, खासगी रुग्णालयात स्टाफ नर्स, शाळेत असताना खो-खो खेळलेली. वहिनी, वय ४४, पोळीभाजीचे डबे देतात. माहेर मुरबाडकडचं, भातशेतीचं. काका, वय ५४, वागळे इस्टेटमधल्या कारखान्यातून स्वेच्छानिवृत्ती घेतलेले, वजन ९२ किलो, गुडघे कुरकुरणारे. आणि मी, वय ४६, बँकेत. धावण्यात मधला, बाकी सगळ्यातही मधलाच. सरावाची वही माझ्याकडे होती, त्यामुळे हे लिहिणंही माझ्याच गळ्यात पडलं.

काकांबद्दलची एक गोष्ट आम्हा सगळ्यांना ठाऊक होती आणि सात आठवड्यांत एकदाही कुणाला आठवली नाही. ते १७ वर्षं गोविंदा पथकात होते, तेही तळाच्या थराला. ठाण्यात हे काही जगावेगळं नव्हे. २०१२ मध्ये जोगेश्वरीच्या जय जवान पथकाने नऊ थर लावून गिनीज बुकात नाव नोंदवलं ते ठाण्यातच. २०२५ मध्ये तर आमच्याच वर्तकनगरात दहा थर लागले. दरवर्षी हंडी बघायला गच्चीवर चढणारे आम्ही, आणि शेजारच्या विंगमधल्या माणसाने कधीकाळी त्या ढिगाच्या तळाशी खांदा दिला आहे हे आमच्या हिशेबातच नव्हतं. हिशेबात होतं त्यांचं वजन.

नियम

संघात किमान दोन महिला हव्यात. संघाची वेळ म्हणजे शेवटच्या माणसाची वेळ. एकमेकांना हवी तशी मदत करायची मुभा. जो अडथळा पार करणार नाही त्याने स्वतः २० बर्पी मारायच्या, दुसऱ्याच्या वाटणीच्या मारता येणार नाहीत. बर्पी म्हणजे खाली बसायचं, पाय मागे फेकून छाती जमिनीला टेकवायची, परत उठून उडी मारायची. सूर्यनमस्काराचा तापट चुलतभाऊ म्हणा.

या नियमांत एक गोम आहे, ती इथेच सांगतो. असल्या शर्यतींचं मूळ इंग्लंडमधल्या १९८७ च्या ‘टफ गाय’पर्यंत जातं. २०१० मध्ये अमेरिकेत ‘टफ मडर’ आणि ‘स्पार्टन रेस’ अशा दोन शर्यती सुरू झाल्या आणि दोघींचे स्वभाव निराळे निघाले. टफ मडरने घड्याळ बाजूला ठेवलं आणि वेळेपेक्षा सोबत्याला पुढे ठेवण्याची शपथच धावणाऱ्यांकडून घेतली. स्पार्टनने घड्याळ ठेवलं आणि अडथळा चुकला की ३० बर्पींची शिक्षा लावली. आपल्याकडे २०१२ मध्ये ‘डेव्हिल्स सर्किट’ आलं आणि त्यानंतर लहानमोठ्या शर्यतींचं पीक आलं. आमच्या आयोजकांनी घड्याळ एकीकडून उचललं आणि मदतीची भाषा दुसरीकडून. आमचं निम्मं भांडण त्या सरमिसळीतून आलेलं आहे.

तयारी

वहीप्रमाणे सात आठवड्यांत ३१ सराव झाले. त्यातले २६ धावण्याचे, उपवनपासून येऊरच्या फाटकापर्यंत आणि परत. पाच वेळा पालिकेच्या उद्यानातल्या मंकी बारला लोंबकळलो. भिंतीवर चढण्याचा सराव एकदाही नाही. वेळापत्रक कॅप्टनने केलं होतं, आणि माणूस ज्यात तरबेज असतो तेच जास्त घोटतो. आम्हीही ‘हो’ म्हणालो, कारण धावलं की काहीतरी केल्यासारखं वाटतं.

येऊरच्या चढावर काका रोज मागे पडायचे. कॅप्टन वळून, अगदी मनापासून, म्हणायचा, “काका, तुम्ही आरामात या.” यात टोमणा कुठेही नव्हता. आपल्याकडे वडीलधाऱ्याशी असंच बोलतात. पण हे वाक्य सात आठवडे रोज ऐकलेल्या माणसाची संघातली जागा कोणती, हे न बोलता ठरून गेलं होतं.

पहिले आठ अडथळे

इथे फार रेंगाळत नाही. काटेरी तारेखालून रांगण्याऐवजी आडवं होऊन लोळत गेलो, ते सोपं पडलं. दोरांच्या जाळीवर ताईने ओरडून उभे दोर धरायला लावले. आडवे धरले की वरच्याचा पाय बोटांवर येतो. चिखलाच्या खड्ड्यात माझा डावा बूट गेला तेव्हा वहिनी कामी आल्या. पाय सरळ वर ओढला की चिखल आणखी घट्ट धरतो, कारण खाली हवा शिरायला वाटच नसते. टाच आधी डावी-उजवीकडे हलवून फट करायची, मग पाय तिरका काढायचा. वहिनींना हे कुणी शिकवलेलं नव्हतं. भाताच्या खाचरात लावणी करताना ते पायांना आपोआप कळलेलं असतं. बूट हाताने उपसून मिळाला.

एक खोड मात्र इथेच दिसायला लागली होती. कॅप्टन आणि धाकटा प्रत्येक अडथळ्याशी आधी पोचायचे, कमरेवर हात ठेवून थांबायचे, आणि काका पोचले की लगेच “चला” म्हणून निघायचे. म्हणजे विसावा मिळायचा तो ताज्यांना. सर्वांत दमलेल्याला शून्य.

भिंतीपाशी

४७वं मिनिट. कॅप्टनने धावत येऊन उडी मारली, कड धरली आणि पलीकडे उतरला. त्याच्यामागे धाकटा. ताईला मी हातांची झोळी करून वर दिली, तीही पलीकडे गेली. दोन मिनिटांत तीन माणसं पार, आम्ही खूश. मग मी आजूबाजूला पाहिलं. भिंतीच्या अलीकडे राहिलो होतो काका, वहिनी आणि मी. वर कुणी नाही. उडी मारणारे, ओढणारे, जोर असलेले सगळे पलीकडे, आणि मधे आठ फूट ओलं लाकूड.

वहिनींनी माझ्या हातांत पाय ठेवला. चिखलाने हात सुटले. पुन्हा तेच. तिसऱ्या खेपेला त्यांची बोटं कडेला लागली, पण अंग वर घ्यायला दंडात जोर हवा आणि तो नसेल तर वरून कुणाचा तरी हात हवा. दोन्ही नव्हतं. पलीकडून कॅप्टनचा आवाज येत होता, “काय झालं? या ना!” त्याला काही दिसत नव्हतं.

५२व्या मिनिटाला तो बाजूने वळसा घालून परत आला. आता त्याने आणि मी काकांना खालून ढकलायला सुरुवात केली. ९२ किलोंचा माणूस, चिखलाने माखलेला, आणि आम्ही दोघं त्यांच्या बुडाला खांदे लावून. तीन प्रयत्न झाले. मागे तुंबलेल्या संघांतून कुणीतरी शिटी मारली. कार्यकर्ता आला आणि सांगून गेला की दंड घ्या आणि पुढे व्हा. काका एक अक्षर बोलले नाहीत. कॅप्टन म्हणाला, “काका, राहू द्या, तुम्ही बाजूने या. आरामात.”

तेव्हा वहिनी, स्वतः भिंतीला टेकून धापा टाकत, म्हणाल्या, “अहो भाऊ, तुमच्या पथकात कसं चढवायचे हो?”

काका म्हणाले, “आता विचारलंत म्हणून सांगतो.”

५७वं मिनिट सुरू झालं होतं.

काकांचा क्रम

त्यांनी काय सांगितलं ते जवळजवळ शब्दशः लिहितो, कारण ते मला पुढे दोनदा उपयोगी पडलं. पहिलं म्हणजे, वर दोघं हवेत. पलीकडच्या बाजूला उतरण्यासाठी फळ्या ठोकलेल्या होत्या. तिथून धाकटा आणि ताई उलटे चढून भिंतीच्या कडेवर घोड्यावर बसतात तसे बसले. दुसरं, जड माणूस शेवटी ठेवायचा नाही आणि पहिलाही नाही. वर दोघं आणि खाली दोघं असतात तेवढ्या वेळातच त्याला काढायचं. शेवटी उरणाऱ्याला खालून आधार नसतो, म्हणून तिथे उंच आणि उडी मारणारा माणूस लागतो. म्हणजे कॅप्टन. आमचा कॅप्टन सर्वांत आधी गेला होता.

तिसरं, पाया. कॅप्टन आणि मी भिंतीकडे तोंड करून, पाय फाकवून, गुडघ्यात जरा वाकून उभे राहायचं. आतला हात एकमेकांच्या खांद्यावर, बाहेरचा भिंतीला, मान खाली. चढणाऱ्याने आधी मांडीवर कमरेजवळ पाय द्यायचा, मग खांद्यावर, आणि तोही मानेच्या जवळ. खांद्याच्या टोकावर वजन आलं की खांदा ढळतो आणि दोघंही कोसळतात. पाठीच्या मणक्यावर पाय द्यायचा नाही, कितीही घाई असली तरी. वरच्यांनी तळवा धरायचा नाही. चिखलात तळवा निसटतो, मनगटाला मनगट धरायचं.

पहिला प्रयत्न फसला. काकांचा बूट माझ्या खांद्यावरून घसरला आणि कानाच्या मागे चांगलंच खरचटलं. पथकात सगळे अनवाणी असतात, हा फरक त्यांच्याही लक्षात आला नव्हता. ते खाली उतरले, बूट काढले, पलीकडे भिरकावले. मला वाटलं, घसरू नये म्हणून. नंतर चहा पिताना म्हणाले, “ते तर खरंच. पण बूट घालून माणसाच्या अंगावर पाय द्यायचा म्हणजे कसंतरीच वाटत होतं.” माझ्या मांडीवर पाय ठेवण्याआधी त्यांनी वाकून माझ्या खांद्याला हात लावून तो कपाळाला नेला होता. मान खाली असल्याने मला ते दिसलं नव्हतं, ताईने वरून पाहिलं. १७ वर्षं दुसऱ्यांचे पाय खांद्यावर घेतलेल्या माणसाने त्या दिवशी पहिल्यांदा कुणाच्या खांद्यावर पाय दिला.

ते गेले. मग वहिनी, त्यांनीही काकांचं बघून बूट काढून फेकलेले. मग मी, एकट्या कॅप्टनच्या खांद्यावरून. शेवटी कॅप्टनने उडी मारली आणि वरच्या दोघांनी मनगटं धरून त्याला घेतलं. सगळं मिळून चार मिनिटं, फसलेला प्रयत्न धरून.

पलीकडे उतरताना अनवाणी वहिनींच्या टाचेला खडी लागली. लहानशीच जखम, रक्त थोडं. आणि पुढे सहा अडथळे, सगळे चिखलाचे.

गप्प का राहिले

मी सुरुवातीला सोपं उत्तर काढलं होतं. आम्ही काकांना मान दिला, म्हणजे बाजूला बसवलं, आणि बाजूला बसवलेला माणूस आपणहून बोलत नाही. कॅप्टनलाही हे पटलं, जरा जास्तच पटलं, तो दोन दिवस खालमानेने वावरत होता.

काकांना विचारलं तेव्हा त्यांनी यातलं निम्मंच मान्य केलं. म्हणाले, “थर लागत असताना खालच्याने वर बघायचं नाही आणि बोलायचं तर अजिबात नाही. सांगणारा एकच. तुमच्यात सांगणारा कॅप्टन होता, मग मी मधे कशाला तोंड घालू?” म्हणजे हा निव्वळ संकोच नव्हता. ती त्यांची शिस्त होती, आणि हंडीखाली अशा शिस्तीनेच माणसं वाचतात. दोन अडाखे एकमेकांवर बसले: कॅप्टनला वाटलं की काकांकडे सांगण्यासारखं काही नसेल, काकांना वाटलं की विचारलं नाही म्हणजे लागणार नसेल. वहिनी मधे पडल्या त्या कुठल्याच शिस्तीत नसल्यामुळे. शिवाय त्यांना स्वतःलाही ती भिंत चढायचीच होती!

घड्याळाचा हिशेब

कॅप्टनचं म्हणणं अजूनही असं, की काका आणि वहिनींनी ४९व्या मिनिटालाच दंड घेतला असता तर चार-पाच मिनिटांत काम झालं असतं. १४ गेली, म्हणजे नऊ-दहा मिनिटं बुडाली. आकडा खोटा नाही. आम्ही १ तास ३४ मिनिटांत संपवलं आणि २२ संघांत १३वे आलो. दहा मिनिटं वाचती तर पहिल्या दहात असतो.

माझा हिशेब वेगळा. क्रम आधी ठरलेला असता तर सहाही जण चार मिनिटांत पार झाले असते. म्हणजे दंड आणि भिंत यांची किंमत घड्याळावर जवळपास सारखीच. वर, कुरकुरणाऱ्या गुडघ्यांनी चिखलात २० बर्पी मारल्यावर काका पुढचे सहा अडथळे कसे करते, हे कॅप्टनच्या हिशेबात धरलेलंच नाही. बाराव्या अडथळ्याला, साबणपाणी ओतलेल्या उतरत्या भिंतीला, काका पाया म्हणून उभे राहिले आणि आम्ही दोन मिनिटांत वर होतो. शेजारच्या रांगेतल्या एका तरुण संघाने त्यांना विचारून तोच क्रम उचलला आणि आमच्या पुढे निघून गेला. कॅप्टनला त्याचाही राग आहे.

धाकट्याचं म्हणणं, २०२८ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये मॉडर्न पेंटाथलॉन या पाच खेळांच्या स्पर्धेतल्या घोडेस्वारीच्या जागी अडथळ्यांची शर्यत येते आहे, तेव्हा वेगाशिवाय भविष्य नाही. तिथे चिखल नसतो आणि काकाही नसतात, असं ताईने त्याला सांगितलं.

टाच

वहिनींनी घरी जाऊन हळद लावायची ठरवली होती. ताईने ऐकलं नाही. परतीला ट्रान्स-हार्बरवर मेगाब्लॉक, आमचे कपडे बघून रिक्षावाले थांबेनात, तरी संध्याकाळी तिने त्यांना डॉक्टरांकडे नेलंच. धनुर्वाताचं इंजेक्शन झालं, आणि जखमेसकट अर्धा तास साचलेल्या चिखलात होत्या म्हटल्यावर डॉक्टरांनी लेप्टोस्पायरोसिस टाळण्यासाठी डॉक्सिसायक्लिन दिलं. हा जंतू उंदीर, गुरं, कुत्री यांच्या मूत्रातून पाण्यात येतो आणि फाटलेल्या कातडीतून शरीरात शिरतो. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, त्यानंतरच्या आठवड्यांत मुंबईत याने माणसं गेली. आमच्या पिढीला हे सांगावं लागत नाही. तरीही फी भरताना आमच्यापैकी एकानेही विचारलं नाही की खड्ड्यातलं पाणी कुठलं आणि किती दिवसांचं. कुस्तीच्या हौदातल्या लाल मातीला ताक, तेल, हळद घालून जपतात. इथे माळ खणून टँकर ओतला होता आणि वरून पाऊस.

लक्षणं बहुधा पाच ते १४ दिवसांत दिसतात, क्वचित महिन्यानेही. आठव्या दिवशी ताप आला तो वहिनींना नव्हे, धाकट्याला. त्याने डॉक्टरांना सांगितलं, “पावसात भिजलो.” चिखलाचं बोललाच नाही, कारण शर्यतीचं आईला माहीत नव्हतं. ताईला कळलं तेव्हा तिने त्याच्या हातातून फोन घेऊन डॉक्टरांना सगळं सांगितलं, मग रक्त तपासलं. साधा विषाणूचा ताप निघाला. आईला मात्र सगळं कळलं.

सध्या

गुरुपौर्णिमेपासून पुन्हा सराव सुरू करायचा असं काकांनी ठरवलंय, पथकाचा सराव तेव्हाच सुरू होतो म्हणून. तोवर वाट बघवेना, तर आम्ही सोसायटीच्या कंपाउंडच्या भिंतीवर सुरुवात केली. चौथ्या दिवशी सेक्रेटरींनी जिन्याखाली नोटीस लावली की नव्या रंगावर पायांचे ठसे उमटवणाऱ्या सभासदांकडून खर्च वसूल केला जाईल. आता मैदानाच्या मागच्या पडक्या भिंतीशी जातो, मंगळवारी आणि शुक्रवारी. क्रम कॅप्टनच पुकारतो, पण पुकारण्याआधी काकांकडे एकदा बघतो. काका नुसती मान हलवतात. बूट ते अजूनही काढतात. फक्त आता पलीकडे भिरकावत नाहीत, नाड्या एकमेकींना बांधून गळ्यात अडकवतात, आणि पलीकडे उतरायच्या आधी भिंतीच्या कडेवर बसूनच पायात घालतात.